टिल्लूकडे पाठ करू नका

शिपाई याकूबभाऊ संग्रहालयाच्या मागच्या खोलीतून नेहमी उलटे चालत बाहेर येत. चंद्रपूरच्या त्या लहानशा संग्रहालयात मी लिपिक म्हणून रुजू झाले, त्याच दिवशी ते पाठमोरे माझ्यावर आदळले.

खोलीत पेंढा भरलेला वाघ होता. त्याचं भाऊंना काही नव्हतं. धाक होता तो टिल्लूचा. टिल्लू म्हणजे टीव्हीवरच्या मुलांच्या एका जुन्या कार्यक्रमातला कापडी बाहुला. हात आत घालून बोलता करायचा, तसला. एक डोळा गळालेला, जबडा अर्धा उघडा.

"मॅडम, हळू बोला. ऐकून राह्यला तो."

आरमोरीच्या शाळेची सहल आली, तेव्हा भाऊंनी पोरांना बजावलं, "वाघाले पाठ दाखवा, याले नोका दाखवू!" चार पोरं तिथंच रडायला लागली. संग्रहालयाचे साहेब तावातावानं झापायला आले, तर भाऊ कुजबुजले, "सायब, बाहेर चाला. ऐकून राह्यला तो." साहेब चक्क बाहेर आले आणि मग रागावले.

हसता हसता माझ्याही मनात भीती शिरली. त्या खोलीत जायचं म्हटलं की मी मोठमोठ्यानं खोकत जायची.

एका दुपारी वाघाला कसर लागली का ते पाहायला आत गेले आणि वीज गेली. अंधारात बारीक, बायकी आवाज आला, "काऊन भेतं वं? जेवली काय?"

मोबाइलचा उजेड पाडला, तर टिल्लूची काचेची पेटी रिकामी! ओरडणार, तोच वाघामागं स्टुलावर बसलेले भाऊ दिसले. टिल्लू त्यांच्या हातात होता. ते माझ्याहून जास्त घाबरले होते.

"सायबाले नोका सांगू, मॅडम. माही घरवाली शमीम टीव्हीवर याचा आवाज काढे. तिले जाऊन सात वर्सं झाले. टीव्हीवाल्यायनं टेपा पुसून टाकल्या. घरी तिचा आवाज कुठीच नाई. याले पाठ दाखवली त तिलेच दाखवल्यावानी वाटते."

"मग हे...?"

"तिचा आवाज ध्यानातून सुटून राह्यला, मॅडम. लय भेव वाटते. म्हणून रोज दुपारी बोलून पाह्यतो." त्यांनी टिल्लूचा जबडा हलवून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. "बराबर आला काय?"

मी शमीमबाईंना कधी ऐकलंच नव्हतं. तरी म्हणाले, "अगदी बरोबर, भाऊ."

भाऊंनी मान हलवली.

"नाई, मॅडम. ती हासत बोले."

आणि त्या अंधारात ते तिच्यासारखं हसत बोलून पाहू लागले.