सात नंबरची तुळई

सात नंबरची तुळई ओली झाली आहे, हे तोरुनला गुरुवारी सकाळी दात घासताना कळलं. मोबाइल किणकिणला. काल तेरा टक्के असलेला ओलावा आज बावीस! तोंडातल्या फेसासकट ती म्हणाली, "मेले!"

लाउव्दालच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन शनिवारी होतं. ते लाकडाचं बांधायचं की काँक्रीटचं, यावरून नगरसभेत वर्षभर भांडणं झाली होती आणि लाकूड एका मताने जिंकलं होतं. ते एक मत इंजिनिअर तोरुनच्या शब्दावर पडलं होतं. "तुळया कुजायच्या आधीच आपल्याला कळेल," असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यासाठी बाराही तुळयांवर तिने नाण्याएवढ्या चकत्यांच्या जोड्या चिकटवल्या होत्या. एक चकती विजेने थरथरायची, दुसरी ती थरथर लाकडातून ऐकायची. लाकूड ओलं झालं की थरथर क्षीण पोचायची, आणि मोबाइल बोंब मारायचा.

देखभालीला ओद्वार होता. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस. तो शिडीवर चढला, सात नंबरच्या तुळईवर बोटं वाजवली आणि कान लावला.

"ठणठणीत कोरडी आहे."

"बावीस टक्के दाखवतंय, ओद्वार!"

"पोरी, अकरा दिवसांत पावसाचा थेंब नाही. पाणी काय तुझ्या मोबाइलमधून गळतंय?"

लाकडात टोचून ओलावा मोजायचं साधं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, ते सोमवारी येणार. तोवर हातावर हात ठेवून बसणं तोरुनला शक्य नव्हतं. तिने गरम हवेचे दोन पंखे आणवले आणि सातव्या तुळईवर रोखले. दमट हवा निघून जावी म्हणून छताच्या आढ्यावरची झडप ओद्वारला उघडायला लावली. मग ती मोबाइल हातात घेऊन येरझारा घालू लागली. जेवायच्या वेळी तिने पावावर तपकिरी चीज ठेवलं, मोबाइल पाहिला आणि पाव तसाच खिशात घातला. सव्वीस टक्के.

"वाळवतोय तसा वाढतोय कसा गं?" ओद्वारने विचारलं.

"आतला ओलावा बाहेर येत असेल."

"असेल. आता जंगलसुद्धा बाहेर येईल."

शुक्रवारी सकाळी आकडा एकतीसवर गेला आणि नगराध्यक्ष आस्ब्यर्न दारात उभे राहिले. त्यांचं मत काँक्रीटला पडलं होतं.

"छत गळतंय म्हणे?"

"शोधतेय."

"उद्या तीनशे माणसं येणार आहेत. कुठून गळतंय ते संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर उद्घाटन रद्द."

पाऊस नसताना गळती शोधायची तर पाऊस पाडायला हवा. तोरुनने बंबवाल्या स्टाइनारला फोन केला. वसंतापासून गावात एकही आग लागली नव्हती, त्यामुळे स्टाइनार सहा मिनिटांत, शिरस्त्राण घालून, घंटा वाजवत हजर झाला.

"हळूहळू मार बरं का! रिमझिम!" तोरुनने बजावलं आणि ती आत तुळईखाली जाऊन उभी राहिली.

रिमझिम छपरावर वाजू लागली. एक मिनिट, दोन मिनिटं. कुठेच काही नाही. आणि मग एकदम छताच्या मधोमध बालदी उपडी केल्यासारखं पाणी कोसळलं. नव्या बाकांवर, नव्या पडद्यावर, तोरुनच्या डोक्यावर. ती बाहेर धावली आणि दोन्ही हात हलवून ओरडली, "पुरे! पुरे!" पंपाच्या आवाजात स्टाइनारला ते कुठलं ऐकू येतंय? त्याने अंगठा दाखवला आणि पाण्याचा जोर वाढवला.

पाणी थांबल्यावर तोरुन निथळत ओद्वारसमोर उभी राहिली.

"झडप! झडप उघडी कशी?"

"तूच म्हणालीस, हवा खेळती ठेव. बंद कर असं कधी म्हणालीस?"

ती शिडी चढली. सात नंबरच्या तुळईवरची एक चकती तारेला लोंबकळत होती. गोंद मुळात कच्चा राहिला होता, आणि पंख्यांच्या गरम हवेने उरलासुरला सोडवला होता. चकतीला काही ऐकूच येत नव्हतं, म्हणून ती 'ओलं, ओलं' म्हणत होती. तुळई बिचारी मघापर्यंत कोरडीच होती.

दुपारी अर्धं गाव घरचे टॉवेल घेऊन फरशी पुसायला आलं. बाकीच्या अकरा तुळयांचे आकडे आता खरोखरच चढू लागले होते. आस्ब्यर्न आले तेव्हा तोरुनने सगळं खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण त्यांनी तिचा मोबाइल घेतला आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"गुरुवारी सकाळी सूचना. शुक्रवारी दुपारी पाणी. एक दिवस आधी?"

"अहो, पाणी आम्ही मारलं! चकती निघाली होती!"

"ते ठीक गं. पण काँक्रीटनं सांगितलं असतं का?"

शनिवारी भाषणात त्यांनी हेच सांगितलं. तोरुनने माईक हातात घेऊन झडपेपासून गोंदापर्यंत सगळं कबूल केलं. लोक पोट धरून हसले, टाळ्या पडल्या, आणि शेजारच्या गावच्या पाद्रीबाईंनी आपल्या चर्चसाठी तिची वेळ मागून घेतली.

सोमवारी टोचायचं यंत्र आलं. तोरुनने बाराही तुळया तपासल्या. ओल वरवरची होती, आठवड्याभरात उडून जाणार होती. सुटलेली चकती नव्या गोंदाने चिकटवायला ती शिडीवर चढली, तेव्हा खाली ओद्वार टोपी हातात घेऊन घुटमळत होता.

"तोरुन, माझ्या घराच्या छपराला बसवशील एक?"

"तू? तुझा विश्वास बसला?"

"आता डोळ्यांनी पाहिलं ना." तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "फक्त घट्ट चिकटवू नकोस. घट्ट होत्या त्या सगळ्या पाणी पडल्यावर बोलल्या. सैल होती तीच आदल्या दिवशी बोलली."