तांब्यातला चहा आणि सदलग्याचे पाहुणे

वांग्याचं नाव घेतलं असतं तर काही झालं नसतं. वांगं मला आवडत नाही, आणि वांग्यालाही मी फारसा आवडत नसेन. चातुर्मासात बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, स्वामींच्या पुढं हात जोडून प्रत्येकानं काहीतरी सोडायचं, आणि शहाण्यानं नको असलेलंच सोडायचं, ही निपाणीच्या आमच्या जैन गल्लीची जुनी वहिवाट. कारलं सोडणारे दरसाल दहा-बारा तरी निघतात. शेजारच्या अण्णाप्पानं तर एका वर्षी हत्तीवर बसणं सोडलं होतं.

माझा नंबर आला. मी 'वां' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वामींनी हसत विचारलं, "पायगोंडा, तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

मागनं अण्णाप्पा ओरडला, "चहा, महाराज! दिवसाला पाच घरचा!"

सगळी बस्ती हसली. बायकांच्या बाजूनं सगळ्यात मोठं हसू आलं ते आमच्या चंपाबाईचं. (बावीस वर्षं ऐकतोय, ओळखणार नाही?)

घाबरलेल्या माणसाला कधी कधी अक्कल सुचते. मी म्हणालो, "महाराज, दुसऱ्याच्या घरचा चहा सोडला. दिवाळीपर्यंत फक्त आपल्या घरचा."

स्वामी खूश झाले. मी त्यांच्याहून खूश. आपल्या घरचा शिल्लक राहिला होता की! घरी येऊन चंपाबाईला ही युक्ती फोड करून सांगितली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हंजे आता पाच बारीचा मीच करायचा, व्हय?"

आता तुम्हीही चहाबाज असाल तर तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी मराठी चौथी शिकलेला माणूस, पण चहातलं मला कळतं. पूर्वी आमच्या गल्लीत चहा म्हणजे सर्दी झाल्यावर घ्यायची वस्तू होती. मग कुठल्याशा कंपनीची गाडी बाजाराच्या दिवशी येऊन फुकट चहा पाजून गेली, आणि आता घराघराची चव मला डोळे मिटून सांगता येते. समोरच्या राजाबाईचा गुळाचा, गवती चहा घालून. अण्णाप्पाकडचा नुसत्या म्हशीच्या दुधाचा, चमचा उभा राहील असा. कोपऱ्यावरचा रवळू शिंपी इस्त्रीतल्या निखाऱ्यांवरच भांडं ठेवतो. त्याच्या चहाला थोडा कोळशाचा वास येतो, पण तोही आवडायला लागतो.

पण मनातलं सांगू? चहा हे निमित्त. बशीत ओतून फुंकर घालायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात समोरचा माणूस दोन गोष्टी सांगतोच. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेरी गेली, का गेली, कधी येणार. काही लोक याला नाक खुपसणं म्हणतात. मी शेजारधर्म म्हणतो.

चंपाबाईचा चहा या सगळ्यांत उत्तम. सुंठ कुटून घालते, वेलदोड्याचा एकच दाणा, आणि उतरवायची वेळ तिला वासावरून कळते. पण चहा पुढं ठेवला की ती भाकरी थापायला बसते. तिला सगळ्या बातम्या ठाऊक असतात, आणि ती एक सांगत नाही. त्या चहाबरोबर मी भिंतीकडं बघत बसायचो. दुसऱ्या दिवशीच तो मला काढ्यासारखा लागायला लागला.

आणि नेमका तो आठवडा असा की घरात बसणं शक्यच नव्हतं. अण्णाप्पाच्या शालनला बघायला गुरुवारी सदलग्याचे पाहुणे यायचे होते. हे स्थळ मी सुचवलेलं. आम्हाला मूलबाळ नाही. शालन आमच्या पायरीवर खेळून मोठी झाली, चंपाबाईच्या हातनं पहिली वेणी घालून घेतली ती पोरगी. अण्णाप्पानं मला शब्द दिला होता, "पायगोंडा, बैठकीत माझ्या शेजारी तू बसायचं." तेव्हा पाहुणे किती, मुलगा येणार की नुसता बाप, हे सगळं मला कळायला नको?

सोमवारी सकाळी मला उपाय सुचला. चहा माझ्याच घरचा, पण प्यायचा लोकांच्या घरी! नेमही राहिला, शेजारही राहिला.

"कशात न्हेणार?" चंपाबाई म्हणाली.

"तांब्यात."

"प्यायचा तांब्या उंबऱ्याभायेर जायचा न्हाय." तिनं फळीवरचा दुसरा उतरवला. पोचा आलेला, पण गेल्याच आठवड्यात कल्हई केलेला. तिनं त्यात चहा ओतला, गळ्याला फडकं गुंडाळलं आणि म्हणाली, "बिगीनं जावा, न्हायतर गार हुईल."

मी बिगीनं निघालो. तांब्या काठोकाठ भरलेला, गरम. सांडू नये म्हणून नजर तांब्यावर, ओठ घट्ट मिटलेले, पावलं जवळजवळ पण झपाझप. रवळूच्या दुकानाशी पोहोचलो तर तो मला बघून चटकन बाजूला झाला.

"रवळू, जरा..."

"जावा, आण्णा, जावा! थांबू नगा!" म्हणत त्यानं अर्धं दार लोटूनही घेतलं.

मी तसाच पुढं राजाबाईकडं गेलो. ती ओसरीवर गहू निवडत होती. लांबूनच हात हलवून म्हणाली, "आदी जाऊन ये, बाबा. मग हातपाय धू आन् ये. मी कुटं पळून चाललिया?"

अण्णाप्पानं तर मला दारात बघून शालनला आत पिटाळलं. "पायगोंडा, आत नगो येऊस आता. मीच येतो सवडीनं."

चहा गार झाला. घरी परत आलो, चंपाबाईनं कुरकुरत दुसरा केला, परत निघालो. तेच. दिवस मावळायच्या आत पाच खेपा झाल्या आणि पाचही वेळा लोकांनी मला वाट दिली, पाट कुणी दिला नाही.

(तुम्हाला कळलं असेल. आमच्याकडं सकाळी तांब्या घेऊन घाईनं निघालेल्या माणसाला कुणी हटकत नाही. तो ओढ्याकडं कशासाठी निघालाय हे विचारावं लागत नाही. परतताना त्याला कुणी शिवतही नाही. हे मलाही माहीत होतं. पण माझ्या तांब्यात चहा आहे हेही मला माहीत होतं, तिथंच घोटाळा झाला.)

मला वाटलं, लोक रुसले. त्यांचा चहा मी सोडला ना! तो राग.

मंगळवारी या समजुतीला पुरावाच मिळाला. राजाबाईनं भाताची पेज पाठवली. रवळूच्या बायकोनं डाळिंबाच्या सालीचा काढा आणून दिला, वर जायफळ उगाळून.

"बघ," मी चंपाबाईला म्हणालो, "राग गेला त्यांचा. काढा पाठवलाय."

"काढा कशापायी?"

"चहा चालत न्हाय म्हणून. मान राखायची रीत असती लोकांची."

मान राखायला मी सगळा काढा प्यालो. त्याचा पुढचे चार दिवस पोटावर काय परिणाम झाला, ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की ज्या कामाला मी दिवसात पाच वेळा जातो असं गल्ली समजत होती, त्या कामाला मला एकदाही जाता आलं नाही.

बुधवारी मी खेपेवरून परतलो तर गल्लीत गटाराच्या कडेनं पांढरा चुना टाकलेला. आडावर बायका गोळा होऊन आत बघत होत्या. आडात लाल औषध टाकलं होतं आणि घागरीत येणारं पाणी नव्या लुगड्यासारखं गुलाबी झालं होतं. घरात चंपाबाई दंड धरून बसलेली.

"काय झालं गं?"

"टोचणीवाला आलता. सगळ्या गल्लीला टोचून गेला. पटकी हाय म्हणं गल्लीत."

"पटकी! कुणाला?"

"नाव कुणी सांगंना. एक बाप्या हाय म्हणं. दिवसाला पाच-पाच बारी जातोय."

"अरारा! आणि मला टोचायचं?"

"इचारलं की त्यानं, घरात पुरुषमाणूस हाय काय. म्हटलं, भायेर गेल्यात तांब्या घिऊन. त्यानं कायतरी लिवून घेतलं आन् गेला."

माझा जीव नुसता तडफडला. पटकीनं नव्हे. आमच्या गल्लीत एक माणूस मरणाच्या दारात आहे, आणि कोण ते मला, पायगोंडाला, माहीत नाही! त्या संध्याकाळी मी दोन खेपा जास्त केल्या. ज्याच्याकडं जावं तो दंड सांभाळत आत पळे. शेवटी चंपाबाईनं त्या अज्ञात माणसासाठी देवापुढं दिवा लावला, आणि मीही मनापासून हात जोडले. बिचारा, म्हटलं.

गुरुवार उजाडला. धुतलेलं धोतर, कोट, पटका. अण्णाप्पाकडं बैठकीत चहा होणारच, आणि तो मला चालायचा नाही. म्हणून आपला तांब्या भरून घेतला. पाणी गुलाबी, पण चंपाबाईनं चहाची पूड दुप्पट घालून रंग दाबला होता. (वास मात्र पहिल्यासारखाच. ती बाई कुठल्याही पाण्याला हरत नाही.)

गल्लीच्या तोंडाशी सदलग्याचा छकडा उभा होता. आत येत नव्हता. मुलाचा बाप जिन्नाप्पा, जाडजूड माणूस, मिशा काळ्याभोर, गाडीत बसूनच चुन्याच्या रेघांकडं बघत रवळूला विचारत होता, "काय री, साथ हाय काय हितं?"

रवळू खोटं बोलत नाही. त्यानं दंड चोळला आणि म्हणाला, "साथ कसली, एकच हाय. पण लई जोराचा हाय."

"मग आमी आत कशाला येऊ? गाडी वळव रं."

अण्णाप्पा धावत आलेला. चेहरा पार उतरलेला. त्याच्या दारात शालन नवं लुगडं नेसून उभी होती, आणि बैल वळताना तिनं मान खाली घातली ती मी बघितली.

मी तांब्या सावरत धावलो. "थांबा, पाव्हणं! एका माणसापायी स्थळ मोडू नगा! कोण हाय त्यो? मला तरी कुणी नाव सांगा, मी त्याला गावाभायेरच्या वखारीत न्हेऊन ठेवतो!"

सगळी गल्ली माझ्या तांब्याकडं बघायला लागली.

"आण्णा," रवळू हळूच म्हणाला, "तुमीच की!"

मी रवळूकडं बघितलं. मग हातातल्या तांब्याकडं. सोमवारपासूनच्या सगळ्या खेपा डोळ्यांपुढनं गेल्या. ती पेज. तो काढा. तो दिवा.

"अरं, ह्यो चहा हाय!" मी ओरडलो.

"व्हय, व्हय, चहाच हाय," रवळू लहान पोराची समजूत काढावी तसा म्हणाला. "तुमी जाऊन या आदी."

बैल निम्मे वळले होते. शालन आत गेली होती. मग मी विचार केला नाही. तांब्या वर उचलला, आणि सगळ्या गल्लीदेखत वरनंच निम्मा चहा घटाघटा प्यालो.

"आयाया!" राजाबाई किंचाळली. गाडीवाल्यानं तोंड फिरवलं. अण्णाप्पानं डोळे मिटले. एका बैलानंसुद्धा पाय मागं घेतला.

पण जिन्नाप्पाच्या मिशा हलल्या. वाऱ्यानं आपलं काम केलं होतं. त्यानं नाक वर केलं.

"सुंठ हाय काय री त्याच्यात?"

"हाय. आन् वेलदोडा," मी धापा टाकत म्हणालो. "आलं न्हाय घातलं. चातुर्मास हाय, कंद चालत न्हाय."

"बरोब्बर. दूध?"

"म्हशीचं."

जिन्नाप्पा गाडीतनं उतरला. "बशी हाय काय कुणाकडं?"

रवळूनं बशी आणली. जिन्नाप्पानं तांब्यात उरलेला ओतून घेतला, डोळे मिटून फुर्र केलं, आणि परत बशी पुढं केली. तिसऱ्या बशीनंतर मिशा पुसून म्हणाला, "चला री, अण्णाप्पा. पटकी झालेला माणूस असा चहा भायेर काढत नसतोय. पोरगी दावा."

गल्ली हसली ती अशी, की टोचलेले दंडही विसरली. अण्णाप्पानं माझा हात धरला. मी पटका नीट केला आणि बैठकीकडं निघालो.

जाजमावर अण्णाप्पाशेजारी माझी जागा होती. मी टेकलो. शालन आली, पाटावर बसली. जिन्नाप्पानं नाव विचारलं, तिनं सांगितलं. मग तो माझ्याकडं वळून म्हणाला, "अजून आणा की री, मघाचा."

पाहुण्याचा शब्द. उठलो, घरी गेलो, चंपाबाईनं केला, घेऊन आलो. तेवढ्यात त्याचे दोघे भाऊ मुलाला घेऊन मागच्या गाडीनं पोहोचले होते. परत गेलो. मग भावांनी आपल्या मेव्हण्यालाही चव दाखवायची म्हटली. मी तिसऱ्यांदा गेलो. तो घेऊन आलो तर सुपारी फुटली होती, साखर वाटून झाली होती आणि पाहुणे जोडे घालत होते.

मुलगा कसा, काय बोलणं झालं, तारीख कुठली, एक शब्द मला माहीत नव्हता. आणि अण्णाप्पा पाहुण्यांना वेशीपर्यंत पोहोचवायला गेलेला. शेवटी घरी येऊन निमूटपणे चंपाबाईला विचारलं. ती मागच्या दारानं बायकांत जाऊन सगळं ऐकून आली होती.

"ठरलं," ती म्हणाली. डोळे भरलेले होते तिचे, माझेही भरले. "मार्गशीर्षात. पोरगं चांगलं हाय. त्यांनी काय मागितलं न्हाय. फकस्त एक म्हणाले, लग्नात चहा पायगोंडाच्या घरचाच पायजे."

माझी छाती फुगली. "बघ! आणि मांडवात मला कुठं बसवणार म्हणाले?"

"ते बी ठरलंय," चंपाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "चुलीपाशी. चारशे माणूस हाय."