दोन डावे, दोन उजवे

बीडच्या कंकालेश्वर देवळाच्या आवारात श्रावणी सोमवारची गर्दी होती आणि पाऊस असा कोसळत होता की माणसं नमस्कार अर्धा टाकून पळत होती. बंकटनेही चपलांच्या ढिगातून ओळखीचे काळे सँडल पायात सरकवले, डोक्यावर घोंगडं ओढलं आणि बायकोला म्हणाला, "चल सत्यभामा, पळ!" चार पावलं तो नीट पळाला. पाचव्या पावलाला त्याचा उजवा पाय आपल्या मर्जीने उजवीकडे निघाला आणि बंकट बेलफुलं विकणाऱ्या बाईच्या टोपलीत बसता बसता राहिला.

"सकाळी सकाळीच घेतली का काय?" बाईने टोपली मागे ओढली.

"माळकरी हाय मी," बंकट म्हणाला. "पाय कुनीतरी वढतंय माझा."

सत्यभामाने वाकून बघितलं. मग पुन्हा बघितलं. "आवो, हे दोनी डावेच हायेत की."

बंकटने पाय उचलून पाहिले. एक डावा होता. दुसराही डावाच होता. दोन्ही काळे, दोन्ही आठ नंबरचे, दोन्हींवर तोच पांढरा पट्टा. तो परत ढिगाकडे गेला आणि पाव तास चपला उलथ्यापालथ्या केल्या. उजवा कुठेच नव्हता.

सँडल त्याचे असते तर त्याने ते तिथेच टाकून अनवाणी रस्ता धरला असता. पण ते लखनचे होते, त्याच्या पोराचे. लखन गुरुवारी पोरगी बघायला जाणार होता आणि त्यासाठीच हा जोड आणला होता. बंकटच्या स्वतःच्या वहाणा टायरच्या, पावसात भिजल्या की एकेक शेरभर जड होणाऱ्या. म्हणून सकाळी शिरूरहून निघताना लखनने मोठ्या मनाने सँडल दिले होते, "चिखलात घालू नका, दादा," एवढंच म्हणून.

खरं तर बंकटला यायचंच नव्हतं. पण तीस वर्षं मेंढरांमागं हिंडताना सत्यभामा बीडच्या चारी अंगांनी गेली होती. आत मात्र एकदाही आली नव्हती. मेंढरं घेऊन बाजारपेठेतून कोण जाऊ देणार? यंदा ती हटून बसली. लखनने एक दिवस मेंढरं सांभाळायचं कबूल केलं. देऊळ, बाजार, बाग आणि खंडेश्वरीची टेकडी, एवढं बघून साडेपाचच्या गाडीने परत, असं ठरलं होतं. बंकटच्या मनात मात्र देऊळ झालं की अकराची गाडी होती.

"आसाच एक सायेब गेला आत्ता," फुलवाली बायनाबाई म्हणाली. "चष्मा, निळी छत्री. डाव्या अंगाला झोकांड्या खात व्हता. संगट बायकू व्हती, ती म्हनत व्हती, आता लुगड्याच्या दुकानात चला."

"दोन उजवे!" बंकट ओरडला. "त्योच. चल."

बाजारपेठेतल्या पहिल्या मोठ्या साडीच्या दुकानापाशी पोचेपर्यंत बंकट उजवीकडच्या दोन हातगाड्यांवर आणि एका उभ्या रिक्षावर आदळला होता. दुकानाच्या पायरीवर चपलांची रांग होती. तो उकिडवा बसला आणि एकेक जोड उचलून उलटा करून बघू लागला. पाठीवर काठीचं टोक टेकलं. मागे खाकी कपड्यातला, पिकल्या मिशांचा रखवालदार म्हाळू उभा होता.

"काय शोधायलास बे?"

"उजवा."

म्हाळूने बंकटच्या पायांकडे पाहिलं. "दोनी डावे? एक कुनाचा उचललास?"

"चोरायचंच आसतं तर एक डावा अन एक उजवा उचलला आसता," सत्यभामा पुढे झाली. "तेवढी अक्कल हाय त्यांना."

म्हाळूने बंकटच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. अकलेबद्दल त्याची खात्री पटलेली दिसली नाही, पण काठी खाली आली. मग त्याला काहीतरी आठवलं. खिशातून त्याने घडी केलेला कागद काढला. "सायेब एक चिठ्ठी ठिवून गेलेत. दोन डावेवाला आला तर दे म्हनले. आता वाचून बी मलाच दाखवावं लागंल का?"

"लागंल," बंकट म्हणाला.

म्हाळू घसा साफ करून वाचू लागला. "प्रति, दोन डावे सँडल धारण करणारे गृहस्थ. विषय, सँडलची अदलाबदल होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, आपला उजवा माझेकडे असून माझा डावा आपलेकडे आहे. तरी मी नगरपालिकेच्या बागेत बसलो आहे. आपण सदर ठिकाणी यावे. आपला, शहादेव, सेवानिवृत्त अव्वल कारकून, पाटोदा."

बंकटला अर्धं कळलं नाही, पण बाग कळली. "चल बागंत."

सत्यभामाचं लक्ष आत होतं. गादीवर हिरवी, जांभळी, केशरी लुगडी उलगडून पडली होती. "तुमी जाऊन या," ती म्हणाली. "मी हितंच हाय. पावसात माझं काय काम?"

तेवढ्या घाईत बंकट एक गोष्ट विसरला. पाऊस लागेल म्हणून मोबाइल त्याने सत्यभामाच्या पिशवीत ठेवला होता.

बागेत कारंजं सुरू होतं. वरूनही पाणी, खालूनही पाणी. पण बंकटला कारंजं दिसलं नाही. पत्र्याच्या शेडखाली दोन प्लास्टिकच्या चपला, एक गमबूट आणि शाळेचे चार बूट उभे होते, ते दिसले. दोन उजवे नव्हते. बागेचा राखणदार धुळाजी फाटकाजवळ चहा पीत होता.

"सायेब? हे काय, आत्ता गेले," तो म्हणाला. "लई येळ बसले. मग म्हनले, नियमानं वस्तू जिथं गहाळ होती तिथंच चौकशी कराय पायजे. देवळात गेले."

"आन मला हितं बलावलं!"

"तुमच्यासाठी कागद हाय." धुळाजीने चिठ्ठी दिली. वरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "स्मरणपत्र क्रमांक एक."

बंकट देवळाकडे निघाला. आता त्याला चालायची युक्ती सापडली होती: पाय उजवीकडे ओढ घेई, तेवढं तो अंग डावीकडे टाकी. त्यामुळे तो सरळ जात होता, पण बघणाऱ्याला वाटे की म्हातारा वाऱ्याशी भांडत चाललाय. रस्त्यात त्याने माणसांचे चेहरे बघणं सोडूनच दिलं. पाय, पाय, पाय. पैंजण घातलेले पाय, चिखलाने भरलेले पाय, प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेले पाय. एका मिरवणुकीतून तो आरपार गेला आणि बँडवाल्यांनी कोणते बूट घातलेत एवढंच पाहून बाहेर पडला.

"आलता आन गेला," बायनाबाई त्याला लांबूनच म्हणाली. "म्हनला, दुकानात चिठ्ठी ठिवलीय तर दोन डावेवाला तिथंच आसंल. आवो, तुमी कुनीतरी एकानं एका जागी बसा की! मला फुलं इकायची हायेत का तुमचे निरोप सांगायचे हायेत?"

"बरोबर बोललीस," बंकट म्हणाला. बाई शहाणी होती. "आता त्यो परत आला तर त्याला सांग, हितंच बस. हलू नगं. मी त्याला धुंडत येतो."

आणि तो दुकानाकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्याला निळी छत्री दिसली, रस्त्याच्या पलीकडे, डाव्या गटाराकडे झुकत चाललेली. "आवो सायेब!" बंकटने हाक मारली. मध्ये साखर कारखान्याचा भलामोठा ट्रॅक्टर आला, दोन रिकाम्या ट्रॉल्या घेऊन. तो जाईपर्यंत छत्री दिसेनाशी झाली.

दुकानात सत्यभामा नव्हती.

बंकटने म्हाळूचा हात धरला. "माझी बायकू?"

"गेली की," म्हाळू म्हणाला. "कवाच गेली. बागंत जाते म्हनली. दोघी व्हत्या."

"दोघी? आमी दोघंच आलो व्हतो. मी अन ती. दुसरी कोन?"

"आता ते मला काय ठावं? हसत हसत गेल्या." म्हाळूने तिसरा कागद काढला. त्यालाही आता हे काम आवडू लागलेलं दिसत होतं. "तातडीचे. महोदय, आपण जागचे हलू नये. मी आपणाकडे येतो."

बंकट पायरीवर बसला. आता दोन गोष्टी हरवल्या होत्या, आणि त्यातली मोठी बागेत होती. पण उठून बागेत जावं, तर साहेब इथे येणार. न जावं, तर सत्यभामा परक्या गावात, कोण्या अनोळखी बाईबरोबर, पावसात. त्याच्या डोक्यातला गुंता असा वाढला की त्याने शेवटी साहेबाचा हुकूम मानला आणि जागचा हलला नाही. दोन तास गेले. चार तास गेले. साहेब आला नाही.

तो येणार तरी कसा? देवळात परतलेल्या साहेबाला बायनाबाईने बंकटचा निरोप चोख दिला होता. सरकारी नोकरीत उभा जन्म गेलेला माणूस. हितंच बस म्हटल्यावर तो टोपलीशेजारी दगडावर छत्री उघडून बसला होता. एक दुकानाच्या पायरीवर, एक देवळाच्या दगडावर. दोघंही एकमेकांची वाट बघत होते, दोघंही सांगितल्याप्रमाणे वागत होते आणि दोघांचीही दुपार भिजत होती.

"ऊठ बे," शेवटी म्हाळूच म्हणाला. "पाच वाजत आले. गाडी कुठली तुजी?"

गाडी म्हटल्यावर बंकटला उजेड दिसला. सत्यभामा कुठेही असली तरी साडेपाचला स्टँडवर येणारच. सँडल गेला तर गेला. लखनला काय सांगायचं ते शिरूर येईपर्यंत सुचेल. तो उठला आणि डावीकडे अंग टाकत स्टँडकडे निघाला.

स्टँडवर पाटोद्याच्या आणि शिरूरच्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, मान खाली घालून पाय बघत चाललेला बंकट, तितकीच मान खाली घालून चाललेल्या एका माणसावर डोक्याने आदळला. चष्मा खाली पडला. चष्मा उचलायला दोघे वाकले आणि तिथेच थांबले. समोर दोन उजवे होते. समोर दोन डावे होते.

"महोदय!" शहादेव गहिवरून म्हणाले.

"कुठं व्हता तुमी सायेब?" बंकट म्हणाला. "हलू नगं म्हनून सांगितलं अन आलाच न्हाई."

"मला थांबायला सांगून तुम्हीच आला नाहीत! तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही."

"मला लिव्हता येत न्हाई."

"मग पोच तरी द्यायची!"

भांडण तिथेच थांबलं, कारण आता अदलाबदल करायची होती आणि ती सोपी नव्हती. चारही सँडल काढून ओल्या फरशीवर ओळीने मांडले. चारही सारखेच. शहादेवांनी तळवे तपासले, बंकटने वास घेतला. शेवटी एका डाव्याच्या आणि एका उजव्याच्या टाचेत मेंढराची लेंडी रुतलेली सापडली आणि मालकी सिद्ध झाली.

"झालं का?" मागून आवाज आला.

बाकड्यावर सत्यभामा बसली होती. हातात भजीचा कागद, मनगटांत नव्या हिरव्या बांगड्या. शेजारी पांढऱ्या केसांची, नीटनेटक्या साडीतली एक बाई भजीतली मिरची बाजूला काढत होती.

"पारू!" शहादेव म्हणाले. "तू दुकानातून गेलीस कुठं? मी आत येऊन बघून गेलो."

"आन ही कोन?" बंकटने सत्यभामाला विचारलं.

"ह्या पारूबाई. सायबांच्या मालकीन. दुकानात आमी दोघींनी एकच लुगडं धरलं, ते सोडंना कुनी. मग बोलता बोलता कळलं, ह्यांचे मालक दोन उजवे घालून हिंडायलेत."

बंकटला हे समजायला थोडा वेळ लागला. "दुकानात? म्हंजी तुला सकाळीच ठावं व्हतं?"

"धा वाजता."

"आन माझा मोबाइल बी तुज्याच पिशवीत!"

"माझ्याजवळ यांचाही आहे," पारूबाईंनी पर्स थोपटली. "भिजू नये म्हणून दिला होता."

"मग सांगितलं कावून न्हाई?" बंकटचा आवाज चढला. "दिवसभर मी वेड्यावानी..."

"सांगितलं आसतं तर तुमी उजवा घालून मला अकराच्या गाडीत घातलं आसतं," सत्यभामा शांतपणे म्हणाली. "तीस वर्सांनी आलते मी."

बंकट बाकड्याच्या टोकावर बसला. शहादेव पारूबाईंकडे वळले.

"माझं नका विचारू," पारूबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेला तुम्ही देवळातल्या त्या एका खांबापुढं दीड तास उभे होतात. कोरीव काम समजावून सांगत. मला त्या दिवशी बांगड्यासुद्धा बघायला मिळाल्या नाहीत."

दोघींनी काय काय पाहिलं ते मग बाहेर आलं. खंडेश्वरीच्या टेकडीवरून पावसातलं अख्खं गाव बघितलं. बिंदुसरा नदीला आलेलं पाणी पुलावरून बघितलं. बागेत झोपाळ्यावर बसल्या, तर धुळाजीने मोठ्या माणसांना मनाई आहे असं सांगितलं आणि मग दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. दोनदा बंकट समोरून गेला होता. एकदा तर सत्यभामाच्या पायांकडे बघून, हे नव्हेत, असं म्हणून पुढे गेला होता.

शिरूरच्या गाडीने भोंगा दिला. बंकट आत जाऊन बसला आणि खिडकीतून बाहेर बघू लागला, तर सत्यभामा अजून खालीच पारूबाईंशी बोलत होती. वाहकाने दोनदा हाका मारल्यावर ती चढली.

गाडी गावाबाहेर पडली. मग बंकटने हळूच विचारलं, "टेकडीवरनं काय काय दिसतं?"

सत्यभामाने सांगितलं. ती सांगत राहिली, तो ऐकत राहिला. शिरूर जवळ आलं तशी ती म्हणाली, "पुढच्या सोमवारी पारूबाई अन मी कपिलधारचा धबधबा बघाय जायलोत. ठरलंय आमचं."

"आन मी?"

सत्यभामाने त्याच्या पायांतल्या सँडलकडे बघितलं.

"या की," ती म्हणाली. "पर अनवाणी या."