थोरलीचं आधी

आमच्या नेमबाजी क्लबचं पिस्तूल दारू बघितल्याशिवाय आणि तिच्याशी चार शब्द बोलल्याशिवाय ती काडतुसात भरू देत नाही. यात गैर काही नाही. जन्माची नाही तरी क्षणाची गाठ असतेच.

रविवारी राज्य संघाची निवड होती. आमची शैलजा इंगवले दोनदा एकेका गुणानं हुकली होती. "यंदा हुकलं की संपलं, काका. पिस्तूल कुलपात," असं तिनं मला, म्हणजे क्लबच्या चिटणिसाला, बजावलं होतं.

म्हणून शनिवारी बघण्याचा कार्यक्रम ठेवला. मी पोहे केले. पिस्तूल धुतलेल्या रुमालावर बसलं. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या मध्यस्थ होत्या. दोन्ही घरी त्यांचं जाणंयेणं.

पहिली दारू जाड दाण्यांची, सावकाश जळणारी. पिस्तूल अदबीनं म्हणालं, "माझी नळी आखूड. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत गोळी बाहेर पडेल. तुमचा अर्धा जीव हवेत जळायचा."

दुसरी बारीक, चटपटीत. पिस्तुलानं प्रश्न विचारायच्या आत तिनं उत्तर दिलं. पिस्तुलानं माझ्याकडे पाहून घोडा किंचित हलवला. पसंती!

"पण ती माझी थोरली बहीण," धाकटी म्हणाली. "तिला नाकारून मला मागता? तिचं उजवल्याशिवाय मी पेटायची नाही."

शैलजानं कपाळावर हात मारला. धाकटीचं काही चुकलं नव्हतं, हीच पंचाईत.

लांब नळीचं स्थळ गावात एकच होतं: सुभेदार चिल्यांच्या भिंतीवरची रायफल. खंडेनवमीला तिला हार घालायचे, एवढंच.

"ती न्हाई ऐकायची," सुभेदार म्हणाले. "निवृत्त झालीया."

"मी कधी तसं म्हणाले?" भिंतीवरून आवाज आला. "विचारायलाच कुणी आलं नाही."

मला फार वाईट वाटलं. मी पोह्यांचा डबा तिथेच उघडला. बरोबर आणलेली थोरली बोलायला लागली, रायफल म्हणाली, "सावकाश, घाई नाही," आणि पोहे गार झाले. बार रविवारी सकाळी, शैलजाच्या आधी, टेकडीमागच्या मैदानावर उडवायचा ठरला.

रविवारी शैलजा हात उचलून उभी राहिली. इतरांचे बार होऊन गेले. पिस्तूल गप्प. पंचांनी घड्याळाकडे पाहिलं. मी सुभेदारांना फोन लावला.

"अजून बोलत्यात," ते हळूच म्हणाले.

"मधे बोला की!"

"आता लहानपणावर आल्यात. मधे कसं तोंड घालायचं?"

"वेळ संपत आली," पंच म्हणाले.

"थोरलीचं व्हायचंय," शैलजा म्हणाली. पंचांनाही दोन बहिणी होत्या. त्यांनी मान डोलावली, पण घड्याळ थांबवलं नाही.

तेवढ्यात टेकडीमागून बार ऐकू आला. लांब, पोटभर, पुरं वाक्य. पाठोपाठ शैलजाच्या हातातून धाकटी खळखळून हसली आणि मग हसतच राहिली. शेवटची गोळी नेमकी मध्यावर बसली.

शैलजा संघात आली. पंचांनी पेढा घेतला. मी भर मैदानात रडलो, त्याची मला लाज नाही.

संध्याकाळी पुंगळ्या पुसत होतो. राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्या पुन्हा भरायच्या होत्या. एकीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या घरात अजून एक आहे, धाकटीहून धाकटी.

मी पोहे भिजत घातले.