रोहिदासचा खडू

रोहिदासनं एकदा माझ्याभोवतीच रेघ ओढली. मी खाली बसून साडीचे धागे कापत होते. मान खाली. बघते तर हा मुकादम, पन्नाशी उलटलेला माणूस, उकिडवा बसून माझ्या लुगड्याच्या कडेकडेनं खडू फिरवतोय.

"हाई काय शे रे भो?" मी म्हणलं. "मी काय माठ आहे?"

"माठाला काल ओढली, जिजी. आज तुम्हाला. उद्यापासून इथंच बसायचं. जागच्या जागी."

जागच्या जागी! त्याचा रामराम पण तोच. कानावर खडू, खिशात खडू, सदऱ्याचा खिसा कायम पांढरा. चहा झाला, कप जागच्या जागी. माझ्या नातीच्या लग्नाला आला, तर अक्षता टाकायच्या सोडून मांडवातल्या वाकड्या खुर्च्या सरळ करत बसला. नवरदेवाचा बाप मला विचारतो, हा माणूस मंडपवाल्याचा का?

सुरतजवळ सचिन गावात एका कारखान्यात आम्ही काम करतो. छापून आलेल्या साड्यांचे धागे कापायचे, घड्या घालायच्या, पिशवीत भरायच्या. मी पारोळ्याकडून सुरतला आले तेव्हा कडेवर एक पोर, हाताला एक. नवरा कापडाच्या लूमवर होता, छातीच्या दुखण्यात गेला. तापीचं पाणी घरात घुसलं, तेव्हा माळ्यावर बसून कच्चे पोहे खाल्ले. ते सगळं निभावलं. पण या खडूनं मला रडकुंडीला आणलं, खरं सांगते.

हे सुरू झालं निर्मलापासून. निर्मला इथल्याच लिंबायत वस्तीतली पोर, जन्मापासून दिसत नाही. रोहिदासनंच तिला कामावर आणली. तिच्याआधी दोघं आणले होते, दोघंही बिनडोळ्यांचे. पहिला ट्रॉलीवर आदळला, गुडघा फोडून घेतला, संध्याकाळच्या आत घरी. दुसरा बिचारा पाणी प्यायला उठला, तर माठ कोणीतरी खिडकीत नेलेला. ग्लास हातात घेऊन सगळ्या खात्यात चाचपडत फिरला. पोरं हसली. तो ग्लास ठेवून गेला, तो परत आलाच नाही.

मग शेठ म्हणला, "अल्या रोहिदास, आ छेल्ली वार, शेवटची खेप. ही पोरगी पण गेली, तर परत असं कोणाला आणायचं नाही."

त्याच दिवशी रोहिदासनं खडूचा डबा आणला. माठ, ट्रॉली, टेबलं, स्टुलं, आमच्या चपला, सगळ्यांना रेघा. शेठ म्हणला, कारखान्यात रांगोळी काढतोस का रे? मी म्हणलं, "अरे, त्या पोरीला दिसत नाही. तू रेघा कोणासाठी ओढतो?"

"तिच्यासाठी नाही, जिजी. तुमच्यासाठी."

"आमच्यासाठी?"

"तिच्या बरोबर ध्यानात राहतं. हलवता तुम्ही, डोळेवाले."

घ्या! म्हणजे आंधळे आम्हीच.

माझे गुडघे धरतात, म्हणून कधी खाली बसायचं सोडून स्टूल पंख्याखाली ओढावं, की हा हजर. "जिजी, स्टुलाचा एक पाय रेघेबाहेर आहे." मी म्हणायची, "माझ्या गुडघ्याला सांग." निर्मला काही कमी नव्हती. तिकडून ओरडायची, "रोहिदासभाई, जिजीचा आवाज आज पंख्याखालून येतोय!" चुगलखोर कुठली. सुरुवातीला तिचा हात हळू चालायचा. पुढे घड्या आमच्या बरोबरीनं पडायला लागल्या आणि तोंड आमच्याहून जास्त चालायला लागलं.

रोहिदासची बायको कमल अमळनेरला माहेरी असते, एवढंच आम्हाला माहीत होतं. पोरं म्हणायची, रेघा बघून पळाली असेल. मी पण हसायची.

या दिवाळीला सगळे गावाकडं गेले. लाभपाचमेला कारखाना उघडला, मुहूर्त करायचा होता. बघते तर शेठाणीनं फरशी फिनाईलनं घासून लख्ख केलेली. एक रेघ शिल्लक नाही. माठ दारात, ट्रॉली आडवी, स्टुलं एकावर एक. आणि रोहिदासचा पत्ता नाही. मुहूर्ताला कधी न चुकणारा माणूस, फोन पण उचलेना.

एक पोरगा म्हणला, "निर्मला रिक्षात बसली, आत्ताच फोन आला. आता?"

"आता काय? लावा सगळं."

"रेघच नाही जिजी, लावू कुठं?"

माझं डोकं फिरलं. "रोज त्याच्या शिव्या खाल्ल्या ना? मग?" स्टूल उचललं आणि जिथं हात थांबला तिथं ठेवलं. दुसऱ्यानं माठ आणला. तिसरा म्हणला, "इथं नाही, अजून भिंतीकडं." ट्रॉलीवरून तर भांडणच लागलं. एक म्हणे वीतभर पुढं, एक म्हणे मागं. सगळ्यांच्या अंगात रोहिदास संचारलेला. शेठ आरतीचं ताट घेऊन उभा. "मुहूर्त जाय छे!" मी म्हणलं, "जाऊ द्या शेठ, पोरगी येतेय."

निर्मला आली. दारात चप्पल काढली. आम्ही सगळे गप्प. भिंतीला बोटं लावत निघाली, ट्रॉलीच्या बाजूनं वळली, माठातून पाणी घेतलं, प्यायली, आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

"एवढे गप्प का सगळे?" ती म्हणली. "आणि रोहिदासभाई लवकर येऊन गेले का?"

"तू घड्या घाल," मी म्हणलं.

संध्याकाळी चिडूनच त्याच्या घरी गेले. म्हणलं, आज चांगला धरते. दार उघडंच होतं. आत रोहिदास खाटेवर बसलेला, दाढी वाढलेली. मी स्टूल ओढायला गेले आणि खाली बघितलं. स्टुलाभोवती रेघ. माठाभोवती रेघ. बादली, जोडे, केरसुणी. सगळं घर खडूनं आखलेलं, आणि घरात तो एकटा.

"कमलला आणायला गेलो होतो," तो म्हणला. "नाही आली."

मग हळूहळू बोलला. साखरेच्या आजारानं कमलचे डोळे गेले. हा कामावरून यायचा, जोडे इथं टाक, बादली तिथं ठेव. एक दिवस ती बादलीत अडकून पडली, हात मोडला. भाऊ न्यायला आला. जाताना म्हणली, या घरात मी रोज पाहुणी असते.

"आताही तेच म्हणली. चार दिवस नीट ठेवाल, मग परत पहिल्यासारखं."

"रेघांचं सांगितलं नाही तिला?"

"काय सांगू, जिजी? मला खडूशिवाय बादली ठेवता येत नाही, हे सांगू?"

मी त्याला सकाळचं सांगितलं. फरशी कोरी होती, तरी निर्मला कुठं अडखळली नाही.

"रेघ एकही नव्हती?"

"एकही नाही."

त्यानं कानावरचा खडू काढून हातात घेतला. मग कमलला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "हे तुम्हीच सांगा. माझं ती खरं धरत नाही."

पलीकडून आवाज आला, "कोण?"

"मी जिजी. कारखान्यातली." जे झालं ते सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणली, "तुम्ही कुठं बसलात आत्ता?"

"स्टुलावर."

"स्टूल कुठं आहे?"

"दाराच्या डाव्या हाताला. भोवती खडूची रेघ आहे."

"रेघ? मला रेघ काय कामाची, जिजी?"

"तुझ्यासाठी नाही ग माय," मी म्हणलं. "आमच्यासाठी."

  रोहिदास खाली बघत खडू बोटात फिरवत होता.

मग ती म्हणली, "आणि बादली?"

झालं! आता सगळं घर मला सांगत बसावं लागणार, आणि माझी शेवटची रिक्षा निघून जाणार. मी उठले, स्टूल रेघेत सरकवलं, पदर खोचला आणि मोरीकडं गेले.

"ऐक," म्हणलं. "बादली नळाखाली, भिंतीला चिकटून आहे."