क्षमेचा मंजूर कोटा

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आमच्या ‘शास्त्रवचन शंकानिरसन मंडळा’त एका शिंपीणबाईंनी प्रश्न विचारला आणि अकरा बावीसला तो नियमाप्रमाणे काढून टाकण्यात आला. काढला मीच. मी या मंडळाचा पर्यवेक्षक. मंडळ ऑनलाइन आहे, सभासद साडेचार हजार आहेत, आणि कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नसल्यामुळे आमच्यात बंधुभाव टिकून आहे. पोटासाठी मी दुकानांतले तराजू तपासत फिरतो, पण ते पोटासाठी.

बाईंचा प्रश्न असा होता: ‘माझा मोठा भाऊ इस्पितळात आहे. डॉक्टर म्हणतात, रविवार गाठला तर नशीब. आई अंथरुणावर होती तेव्हा हा एकदाही फिरकला नाही. तिच्या मातीला आला तो फाटकाशी उभा राहून परत गेला. सहा वर्षं आम्ही बोललेलो नाही. आता मला बोलावतोय. त्याला मी आजवर पुष्कळ वेळा माफ केलंय. भावाला किती वेळा क्षमा करायची ते शास्त्रात दिलंय म्हणे. मग अजून एकदा करायला हवी का? मी जाऊ का?’

प्रश्नात अध्याय नव्हता, ओवी नव्हती, भाषांतराचं नाव नव्हतं. शिवाय ‘मी जाऊ का’ हा प्रश्न शास्त्राचा नसून बसच्या वेळापत्रकाचा आहे. तसं मी बाईंना प्रेमपूर्वक कळवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘भाषांतर कुठलं ते कसं सांगू भाऊ? आईचं पुस्तक आहे. पहिली पानं कधीच गळाली.’

अशा वेळी आम्ही कुणाला वाऱ्यावर सोडत नाही. मी प्रश्नाची नोंद ‘अनाथ भाषांतरे’ या सदरात केली आणि तो स्वतः नियमात बसवून दिला. नवं शीर्षक: ‘क्षमेची कमाल मर्यादा: एक भाषांतरनिहाय तुलना’. भाऊ, इस्पितळ आणि रविवार हा मजकूर अवांतर म्हणून गाळला. प्रश्न एकदम देखणा दिसू लागला.

दुपारपर्यंत मंडळातले दोन्ही दिग्गज मैदानात उतरले. ‘मूळप्रत’ या नावाने लिहिणारे गृहस्थ चष्म्याच्या दुकानात बसतात. त्यांनी फोनवर प्राचीन भाषेचे तीस धडे पूर्ण केले आहेत आणि तेव्हापासून कुठलंच भाषांतर त्यांच्या पसंतीस उतरत नाही. ‘खडक’ या नावाने लिहिणारे लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्याकडे सात भाषांतरं आहेत, त्यातली सहा सैतानाची आहेत असं त्यांचं मत आहे. क्षमेच्या त्या एकाच वचनाचा अर्थ लावताना मूळप्रत म्हणाले, मर्यादा सत्त्याहत्तर वेळा. खडक म्हणाले, सत्तर गुणिले सात, म्हणजे चारशे नव्वद. कमी सांगणारा पाखंडी. संध्याकाळपर्यंत तीनशे चाळीस उत्तरं आली. क्षमेवरच्या या चर्चेत मला अकरा सभासदांना शिवीगाळीबद्दल निलंबित करावं लागलं.

मंगळवारी मंडळाने एकमताने ठरवलं, की मर्यादा कितीही असो, बाईंनी आतापर्यंत किती क्षमा वापरली हे कळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यांना एक तक्ता पाठवण्यात आला. अपराधाची तारीख, स्वरूप, क्षमा मनातून केली की तोंडी, अपराध्याने ती मागितली होती का, साक्षीदार, शेरा.

बाईंनी दुकान बंद ठेवून दिवसभर बसून तक्ता भरला. एकेचाळीस नोंदी झाल्या. बायको शेजारी मटार सोलत होती, तिने माझ्या खांद्यावरून वाचलं.

“अहो, एकेचाळीस म्हणजे सत्त्याहत्तरपेक्षाही कमी आणि चारशे नव्वदपेक्षाही कमी,” ती म्हणाली. “मग भांडताय कशाला? सांगा की तिला, जा म्हणून.”

“निष्कर्ष बरोबर असेल, पण पद्धत चुकीची आहे,” मी म्हणालो. “छाननी व्हायची आहे.”

“तिला काय माहिती नाही का जायला हवं ते? कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलायला हवंय तिला. एवढंच मागतेय बिचारी.”

“तशी सोय मंडळात नाही,” मी म्हणालो. बायकोने मटारांचं भांडं उचललं आणि ती आत गेली. तिला सिद्धांतात गती नाही.

बुधवारी छाननी समिती बसली. चौथी नोंद होती, ‘माझी शाळेची वही विहिरीत टाकली.’ तेव्हा भाऊ दहा वर्षांचा होता. दहा वर्षांच्या मुलाला पाप लागतं का, यावर उपसमिती नेमली. बारावी नोंद, ‘मला ताप असताना एकटीला सोडून सामना बघायला गेला’, ही क्षमा मनातून केलेली असल्याने पुराव्याअभावी बाद झाली. एक अडचण मात्र सारखी येत होती. बाई शेऱ्याच्या रकान्यात भलतंच लिहीत सुटल्या होत्या. ‘पण परत आला तेव्हा माझ्यासाठी बर्फ घेऊन आला. धावत आला, तरी निम्मा वितळला होता.’ ‘पण माझ्या लग्नात सगळ्यांत जास्त तोच रडला.’ पुढेपुढे तर शेरे अपराधापेक्षा लांब होत गेले. असल्या मजकुराने नोंद दूषित होते, म्हणून आम्ही शेऱ्याचा रकानाच काढून टाकला.

त्याच दिवशी मंडळात नवीन असलेल्या एका बसचालकाने, ज्याने सोमवारी मूळ प्रश्न काढला जाण्याआधी वाचला होता, चर्चेत लिहिलं, ‘ताई, आधी दादाला भेटून ये. मोजायचं ते नंतर मोज.’ वचनाचा आधार शून्य, आणि त्याचे सभासद-गुण अवघे तीन. उत्तर द्यायला पन्नास लागतात. मी ते उत्तर चार मिनिटांत काढलं. बाईंनी ते पाहिलं नसावं. माझ्या कार्यतत्परतेचा मला त्या वेळी अभिमान वाटला, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतो.

गुरुवारी समितीने एकेचाळिसांपैकी नऊ क्षमा वैध ठरवल्या. बत्तिसाव्या नोंदीचा साक्षीदार मिळाला तर दहावीही मंजूर करता येईल, असं औदार्यही दाखवलं. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ठराव प्रसिद्ध झाला. त्याला चौदा तळटीपा होत्या. ठराव असा, की दोन्ही भाषांतरांनुसार क्षमेचा कोटा पुरेसा शिल्लक असून भगिनीने बंधूस भेटण्यास मंडळाची हरकत नाही. मूळप्रत आणि खडक यांनी प्रथमच एका कागदावर सही केली. मंडळाच्या इतिहासातला तो सोन्याचा दिवस होता.

शनिवारी सकाळी बाईंचं उत्तर आलं. ‘दादा काल सकाळी साडेनऊला गेला. मी तेव्हा बत्तिसाव्या नोंदीचा साक्षीदार शोधायला मावशीकडे गेले होते. नर्स म्हणाली, तो सारखा दाराकडे बघत होता. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी वेळ काढलात, आभारी आहे.’

दोनशे बारा सभासदांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मूळप्रत यांनी विचारलं, ‘मग बत्तिसावी वैध धरायची का?’ बायकोने ते सगळं वाचलं आणि म्हणाली, “लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?” मी तिला शांतपणे सांगितलं, की लाज हा विषय आमच्या कक्षेत येत नाही. त्याचं वेगळं मंडळ आहे, त्यात सभासद सहा आहेत आणि तिथे कुणी काही लिहीत नाही.

शिंपीणबाई त्याच दुपारी मंडळ सोडून गेल्या. पण त्यांच्यामुळे एक मूलभूत प्रश्न पुढे आला, आणि त्यावर आज मतदान सुरू आहे. भाऊ वारल्यावर त्याच्या नावची उरलेली क्षमा आपोआप रद्द होते, की ती दुसऱ्या भावंडाकडे वळवता येते, की ते भाषांतरावर अवलंबून आहे? आतापर्यंत अकराशे मतं पडली आहेत. इतका प्रतिसाद आम्हाला कधीच मिळाला नव्हता.

आता खरं सांगा. हे तीन पर्याय वाचताना तुम्हीही मनातल्या मनात एक निवडलात ना? या, आत या. आम्हाला असेच सभासद हवे असतात.