पडद्याआडचे बाबलभाऊ

आमच्या बाबलभाऊंसमोर बोलताना श्वास घ्यायची सोय नाही. तुम्ही जरा थांबलात, की पुढचा शब्द त्यांनी पुरवलाच. दवाखान्यात शेजारचा माणूस "डॉक्टर, मला तीन दिवस..." म्हणून अडखळला, तर हे बाकावरून म्हणाले, "जुलाब." बरं, ते खरंही निघालं! माझा भाचा मुलगी बघायला गेला आणि नुसताच लाजून बसला. बाबलभाऊ हळूच म्हणाले, "पसंत आसा." आज त्याला दोन मुलं आहेत. त्याला विचारायचं मात्र राहूनच गेलं.

दोष त्यांचा नाही हो. नोकरी केरीच्या फेरीबोटीवर झाली, पण खरा जन्म गेला जत्रेतल्या नाटकात, पडद्याआड वही घेऊन. नट अडला की यांनी कुजबुजत वाक्य सांगायचं. तीस वर्षं!

मी चौथी शिकलेली. महिला मंडळात पहिल्यांदा भाषणाला उभी राहिले आणि 'भगिनींनो' म्हटल्यावर सगळं कोरं. तेव्हा स्पीकरच्या पेटीआडून आवाज आला, "वयनी, तुमका सगळां येता. तुमी विसारल्यात नाय, भियाल्यात." मग बोलले. आमचे हे म्हणतात, ती अजून थांबलेली नाही.

असा धीर बाबलभाऊंनी अख्ख्या गावाला वाटला. कोणी बँकेत लागलं, कोणी गाडी शिकलं, सगळ्यांच्या मागे हे कुजबुजत उभे.

यंदा नाटकाला दोन दिवस उरले आणि राजाचा घसाच बसला. सगळे बाबलभाऊंकडे धावले. अख्खं नाटक पाठ असलेला दुसरा होता कोण? तर हे खांबाला धरून उभे.

"माका नाय जमाचां."

"अहो, गावाला एवढा धीर वाटलात, घरात चिमूटभर ठेवला नाहीत?" मी म्हटलं.

"वयनी, माका फुसफुसाची सवय. शेवटच्या रांगेत आवाज कसो पावतलो?"

मी म्हटलं, "नाही पावला तर नाटक पडेल. पण तुम्ही उभेच राहिला नाहीत, तर ते आजच पडलं." शेवटी ते तयार झाले. नाटकाच्या रात्री वही मी घेतली आणि पडद्याआड बसले.

राजे आले. मिशी झकास, आवाज उंदराचा. मागून लोक ओरडले, "आवाज!" बाबलभाऊंनी डोळे मिटले आणि असे गरजले, की माझ्या हातातली वही पडली. पुढे अडचण एकच. राणी रडायला थांबली, की राजे तिचंही वाक्य म्हणून टाकत. शेवटी राणी झालेली गावच्या शाळेतली टीचर भर दरबारात म्हणाली, "भाऊ, माझां माका बोलाक दिया!" लोक हसून लोळले, पण नाटक पार पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आमच्या सोप्यावर येऊन बसले.

"शेवटच्या रांगेत पावलो मगे?"

"देवळाच्या मागेसुद्धा पावला."

त्यांनी चहात पाव बुडवला.

"लगीन नाय, पोरांबाळां नाय. घरात मोठ्यान बोलाचां कोणाक? माझो आवाज असो आसा, ह्यां माकाच ठावक नासलां."

मग कप खाली ठेवून, शाळकरी पोरासारखे म्हणाले, "वयनी, राजाचां भाषण परत एकदा म्हणान दाखवू?"

"म्हणा की."

ते अंगणात उतरले. समोरच्या वाटेवर पाववाल्याने सायकल थांबवली आणि पाय टेकून ऐकत उभा राहिला.